चार पट्ट्यांचा रणगाडा

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हे सूत्र शिकवताना आपण टाचणीचे टोक, विळीची धार आणि उंटाचे पसरट पाय ही उदाहरणे हमखास देतो. त्यांच्या जोडीला आणखी एक उदाहरण असते : रणगाड्याला चाकांऐवजी रुंद पट्टे असतात, म्हणून तो चिखलात रुतत नाही. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पण रणगाड्याचे वजन वाढवतच नेले तर काय होईल? पट्टे किती रुंद करावे लागतील? आणि जमिनीने ते वजन पेलले, तरी पूल आणि इंजिन ते पेलतील का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे गणित प्रत्यक्ष यंत्र बांधून सोडवून पाहिले. त्या यंत्राचे नाव होते टी-२८.

नको असलेला जड रणगाडा

टी-२८ ची कथा त्याच्या थोरल्या भावापासून सुरू करावी लागते. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, त्याच महिन्यात अमेरिकेने एका जड रणगाड्याचे काम हाती घेतले. रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कंपनीने तो बांधला. ८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहिला नमुना लष्कराला दाखवण्यात आला. पुढे त्याला एम-६ हे नाव मिळाले. त्याचे वजन सुमारे ५७ टन होते, तर त्याच काळातल्या शर्मन या मध्यम रणगाड्याचे ३० टनांच्या आसपास.

आधी हे रणगाडे मोठ्या संख्येने बनवायचे ठरले होते. पण डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकन चिलखती दलाचे प्रमुख जनरल जेकब डेव्हर्स यांनी आपल्याला जड रणगाड्याची गरज नाही असे कळवले. कारण सरळ होते. अमेरिकेचे युद्ध समुद्रापलीकडे चालले होते. प्रत्येक रणगाडा बोटीत चढवायचा, दूरच्या बंदरात उतरवायचा आणि तिथून तात्पुरत्या पुलांवरून पुढे न्यायचा. एका जड रणगाड्याच्या जागेत दोन मध्यम रणगाडे जात असतील, तर दोन नेलेलेच बरे. एम-६ चे शेवटी ४० रणगाडेच तयार झाले आणि त्यांपैकी एकही आघाडीवर गेला नाही.

हा निर्णय चूक होता असे म्हणता येत नाही, पण त्याची किंमत मोजावी लागली. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत शर्मन रणगाड्यांची गाठ जर्मन पँथर आणि टायगर यांच्याशी पडली. शर्मनचे दर्शनी चिलखत सुमारे ५१ मिलिमीटर जाडीचे होते. जर्मनांच्या लांब नळीच्या तोफा ते दुरूनच भेदत, आणि आत बसलेली पाच माणसे त्याचे परिणाम भोगत. याच डेव्हर्स यांनी १९४३ च्या अखेरीस टी-२६ या अधिक वजनदार रणगाड्याची मागणी केली होती. तोच पुढे पर्शिंग या नावाने ओळखला गेला. वजन नको म्हणणारा सेनापती वर्षभरात वजन मागू लागला. शत्रूच्या तोफा बदलल्या की गणितही बदलते.

तटबंदी फोडण्यासाठी

टी-२८ ची कल्पना सप्टेंबर १९४३ मध्ये पुढे आली. जर्मनीच्या पश्चिम सीमेवर सुमारे ६३० किलोमीटर लांबीची तटबंदी होती. दोस्तराष्ट्रे तिला सिगफ्रीड रेषा म्हणत. मुख्यतः १९३८ ते १९४० या काळात बांधलेल्या या रेषेत काँक्रीटचे हजारो मोर्चे होते. रणगाडे अडवण्यासाठी काँक्रीटचे सुळके रांगेने रोवलेले होते. ही तटबंदी समोरून फोडायची, तर शत्रूचे गोळे अंगावर झेलत जवळ जाणारे आणि काँक्रीट भेदणारी तोफ वाहणारे यंत्र हवे, असा विचार झाला.

त्यासाठी १०५ मिलिमीटर व्यासाची, वेगवान गोळा फेकणारी तोफ निवडली. दर्शनी भागात काही ठिकाणी चिलखताची जाडी ३०५ मिलिमीटर ठरली. वर फिरता बुरूज ठेवला असता तर वजन आणखी वाढले असते, म्हणून बुरूजच काढून टाकला आणि तोफ थेट धडात बसवली. ती डावी-उजवीकडे दहा-अकरा अंशच वळे. त्याहून अधिक वळवायची तर सारा रणगाडाच फिरवावा लागे. बुरूज नाही तर हा रणगाडा कसला, या विचाराने मार्च १९४५ मध्ये त्याला टी-९५ असे स्वयंचलित तोफगाडीचे नाव दिले. १९४६ मध्ये तो पुन्हा टी-२८ झाला.

वजनाचा हिशेब

आता फळ्यावर थोडी आकडेमोड करू. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ७८५० किलो असते. शर्मनच्या ५१ मिलिमीटर जाडीच्या चिलखताचा एक चौरस मीटर तुकडा घेतला तर तो सुमारे ४०० किलो भरतो. टी-२८ च्या ३०५ मिलिमीटर चिलखताचा तेवढाच तुकडा सुमारे २४०० किलो, म्हणजे तीनांहून अधिक मारुती ८०० मोटारींइतका! अमेरिकन कागदपत्रांत टी-२८ चे वजन ९५ टन लिहिलेले आढळते. तो अमेरिकन टन ९०७ किलोचा असतो. आपल्या हिशेबाने हे वजन ८६ टन होते.

एवढे वजन दोन पट्ट्यांवर टाकले असते तर यंत्र ओल्या जमिनीत रुतलेच असते. म्हणून अभियंत्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे चार पट्टे दिले. त्यांचा जमिनीला टेकणारा भाग मिळून सुमारे साडेदहा चौरस मीटर होत असे. ८६,००० किलोला १,०५,००० चौरस सेंटीमीटरने भागले की उत्तर येते दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.८ किलो. सुरुवातीच्या शर्मन रणगाड्यांत हा आकडा १ किलोच्या आसपास होता. म्हणजे जवळजवळ तिप्पट वजनाचा रणगाडा जमिनीवर शर्मनपेक्षाही हलके पाऊल टाकत होता. साठ किलोचा माणूस चालताना एका तळव्यावर भार देतो तेव्हा हा आकडा ०.४ च्या जवळपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाची कल्पना येते.

चार पट्ट्यांमुळे रुंदी मात्र साडेचार मीटरवर गेली. रेल्वेच्या वाघिणीवरून एवढे रुंद ओझे नेणार कसे? म्हणून बाहेरचे दोन पट्टे काढता येतील अशी योजना केली. ते एकमेकांना जोडून रणगाड्याच्याच मागे ओढत नेता येत. मग रुंदी सव्वातीन मीटरच्या आत येई. चार जणांच्या चमूला हे काम सरावानंतर अडीच तासांत जमू लागले.

इंजिनापुढे मात्र कोणतीही युक्ती चालली नाही. फोर्डचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन यात बसवले होते. सुमारे ४२ टनांच्या पर्शिंगमध्येही तेवढ्याच शक्तीचे इंजिन होते. पर्शिंगला टनामागे सुमारे १२ अश्वशक्ती मिळत, टी-२८ ला सहासुद्धा नाहीत. कमाल वेग ताशी १३ किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलीएवढा.

पुलाला दाब नव्हे, वजन कळते

चिखलाचा प्रश्न सुटला, मग पुलाचाही सुटला का? याचे उत्तर युद्धभूमीवर दुसऱ्याच एका रणगाड्याने दिले. ७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन तुकड्यांना ऱ्हाईन नदीवरचा रेमागेन येथील रेल्वेपूल उभा सापडला. जर्मनांनी तो उडवण्याचा प्रयत्न केला होता. पूल खिळखिळा झाला, पण पडला नाही. तिथे काही पर्शिंग रणगाडेही होते. त्यांनी अलीकडच्या तीरावरून मारा केला, पण रात्री पूल ओलांडून गेले ते शर्मन. पर्शिंग पाच दिवसांनी तराफ्यांवरून पलीकडे नेले गेले. १७ मार्चला पूल कोसळला आणि दुरुस्तीच्या कामावरचे अनेक अमेरिकन सैनिक त्यात मरण पावले.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. पर्शिंगचे पट्टे रुंद असल्याने त्याचा जमिनीवरील दाब शर्मनपेक्षा कमीच होता. तरीही पुलाला तो जड होता. पट्टा रुंद केला की पट्ट्याखालच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरचा वाटा कमी होतो, पण पुलाच्या खांबांना आणि तुळयांना सगळ्या वाट्यांची बेरीज पेलावी लागते. ४२ टनांची ही कथा, मग ८६ टनांचे काय झाले असते!

टी-२८ वर ती वेळ आलीच नाही. सिगफ्रीड रेषा मार्च १९४५ पर्यंत शर्मन, पायदळ, तोफखाना आणि विमाने यांनीच ओलांडली होती. मे महिन्यात जर्मनी शरण आला, ऑगस्टमध्ये जपान. पॅसिफिक कार अँड फाउंड्री कंपनीने बांधलेला पहिला टी-२८ डिसेंबर १९४५ मध्ये ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर पोहोचला. पाच नमुन्यांपैकी दोनच बांधले गेले. त्यांतल्या एकाच्या इंजिनाला युमा येथील चाचण्यांत आग लागली आणि तो मोडीत निघाला. ऑक्टोबर १९४७ मध्ये कामच थांबले. अशा मोहात पडलेले अमेरिकन एकटे नव्हते. जर्मनांनी १८८ टनांचा माऊस बांधला, ब्रिटिशांनी टॉर्टॉइज. दोन्ही लढाईत उपयोगी पडले नाहीत.

उरलेला टी-२८ सत्तावीस वर्षे विस्मृतीत गेला. १९७४ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर या लष्करी तळाच्या मागच्या माळावर तो सापडला आणि संग्रहालयात दाखल झाला.

हा धडा शिकवाल तेव्हा एक छोटा प्रयोग जरूर करा. आलेखाच्या कागदावर विद्यार्थ्याच्या तळव्याची बाह्यरेषा काढून चौरस मोजा आणि त्याचा जमिनीवरील दाब काढा, आधी दोन पायांवर, मग एका पायावर. दाब दुप्पट झालेला दिसेल. त्यानंतर त्याला वजनकाट्यावर दोन पायांवर आणि मग एका पायावर उभे करा. काट्याचा आकडा हलणार नाही. तो का हलत नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या, आणि मग त्यांना रेमागेनच्या पुलाची गोष्ट सांगा.