अजिंठ्याचं जहाज आणि लॅपटॉपवरचा समुद्र

आजच्या एपिसोडचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याचा काय संबंध? अजिंठा आणि समुद्र. अजिंठ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पाणी म्हणाल तर खाली वाहणारी वाघूर नदी. तरी पाचव्या शतकात लेणी क्रमांक २ मध्ये कुणीतरी एक जहाज रंगवलंय. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आयताकृती शिडं, मागे सुकाणूची मोठी वल्ही, वर ओळीने ठेवलेले रांजण, आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगवलेला डोळा.

गोष्ट आहे पूर्णाची. हा शूर्पारकचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी. पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार जातो, जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण येऊन सगळ्यांना वाचवतो. ती वादळाची वेळ या भिंतीवर आहे.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. या जहाजावर नकाशा कुठे होता?

उत्तर: माणसात होता. या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाला’ या संस्कृत ग्रंथातले काही श्लोकही रंगाने लिहिलेले सापडलेत. त्याच ग्रंथात सुपारग नावाच्या नाविकाची कथा आहे. वय झालेलं, नजर मंदावलेली. तरी व्यापारी त्यालाच सोबत नेतात. का? तर त्याला ताऱ्यांची चाल कळते. मासे, पक्षी, पाण्याचा रंग, तळाची जमीन यांवरून आपण कुठे आहोत ते तो सांगतो. बघा, ही त्या काळातली डेटाची यादीच आहे. फक्त ती एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होती.

पुराणकथा सोडून देऊ. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात भडोचबद्दल लिहिलंय, की नदीच्या मुखाशी गाळाचे उथळ पट्टे आहेत, म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन बाहेर येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणतात. आजही मुंबई बंदरात किंवा जेएनपीटीला मोठं जहाज आलं की स्थानिक पायलट चढतो. दोन हजार वर्षं झाली, पद्धत तीच.

मग हे ज्ञान माणसातून कागदावर आलं. कसं? दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचं आणि किती दोरी गेली ते मोजायचं. वजनाच्या बुडाला चरबी लावत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. सुपारगाची ‘तळाची जमीन’ हीच. असे असंख्य आकडे जोडून सागरी नकाशे झाले. पुढे सोनार आलं, उपग्रह आले. भारताचे अधिकृत सागरी नकाशे बनवणारं नौदलाचं हायड्रोग्राफिक ऑफिस कुठे आहे माहितीये? देहरादूनला! म्हणजे समुद्राचं चित्र समुद्रापासून लांब बसून काढायची आपली सवय अजिंठ्यापासूनची आहे.

आणि आता लॅपटॉप. मोठ्या व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. छोट्या बोटीवर तर साधा लॅपटॉप, यूएसबीचा जीपीएस आणि ओपनसीपीएनसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. स्क्रीनवर आपली बोट हलताना दिसते. गूगल मॅपसारखंच की! पण हे ‘सारखंच’ वाटणंच धोक्याचं आहे.

२९ नोव्हेंबर २०१४. व्होल्वो ओशन रेस, केपटाऊन ते अबू धाबी. टीम वेस्टस विंड ही अत्याधुनिक शर्यतीची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळ खडकांवर अंधारात भरवेगात आदळली. नऊही जण वाचले हे नशीब. त्यांच्याकडे डिजिटल चार्ट होते, आणि त्या चार्टमध्ये तो खडकही होता. फक्त पूर्ण झूम केल्यावरच तो दिसत होता. लांबून पाहिलं तर तिथे साधारण ४० मीटर पाणी आहे असंच वाटत होतं.

जुलै २०२० मध्ये त्याच मॉरिशसच्या किनाऱ्यावर वाकाशिओ हे मालवाहू जहाज रुतलं. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. जहाज चालवणाऱ्या कंपनीने नंतर सांगितलं, की मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं होतं, आणि जवळच्या पाण्याचा पुरेसा बारकाव्याचा नकाशा वापरला नव्हता. रेंजसाठी! हे आपल्यापैकी कुणालाही कळेल.

मी कोड लिहितो, म्हणून मला यात एक गोष्ट टोचते. झूम आउट केलं की स्क्रीनवर गर्दी नको, म्हणून काही गोष्टी लपवायच्या, हे कुणीतरी ठरवतं. आम्ही त्याला ‘क्लीन’ म्हणतो. शहराच्या मॅपवर गल्ली लपली तर आपण रिक्षावाल्याला विचारतो. समुद्रात खडक लपला तर विचारायला कुणी नसतं.

दुसरं म्हणजे, स्क्रीन नवी असली तरी आकडे नवे असतीलच असं नाही. काही भागांची खोली अजून त्या शिशाच्या दोरीच्या काळातलीच आहे. मोजणी किती भरवशाची, हे सांगणारा एक थर डिजिटल चार्टमध्ये असतो. उत्तम मोजणीला ए-१, सगळ्यात वाईटाला डी, आणि जिथे दर्जाच ठरवलेला नाही तिथे यू. पण तो थर स्क्रीनवर लावून ठेवला तरच दिसणार. सुपारगाला विचारलं असतं तर ‘इथलं मला नक्की माहीत नाही’ हे त्याच्या आवाजातच कळलं असतं. स्क्रीनचा निळा रंग सगळीकडे सारख्याच आत्मविश्वासाने निळा असतो.

आता पुन्हा त्या भिंतीवरच्या जहाजाकडे. त्या चित्रावरून गोव्यात खरंच एक जहाज बांधलं गेलं: आयएनएसव्ही कौंडिण्य. खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. इंजिन नाही. जुना आराखडा उरलाच नव्हता, म्हणून चित्र बघून डिझाइन केलं आणि आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोहोचलं.

म्हणून मी ‘जुनं ते सोनं’ म्हणणार नाही. रात्री अनोळखी बंदरात शिरायचं असेल तर मला लॅपटॉप हवाच. पण मार्ग आखल्यावर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण झूम करून बघायचा, मोजणीचा दर्जा तपासायचा, आणि मग मान वर करून खरं पाणी बघायचं. अजिंठ्याच्या चित्रकाराने जहाजाच्या पुढच्या टोकाला डोळा काढलाय. ती जागा अजून बरोबर आहे.

तुमच्या घरी कुणी तांडेल, खलाशी किंवा मर्चंट नेव्हीत असेल, तर त्यांना एक विचारा: स्क्रीन एक सांगते आणि पाणी दुसरंच, तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकता? उत्तर कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.