मुलांचा मेंदूज्वर आणि मुंबईचीं रुग्णालयें

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराकरितां बराकींची एक विस्तीर्ण छावणी उभारण्यांत आली होती. युद्ध संपलें, सैन्य निघून गेलें. आणि १९४७ सालीं देशाची फाळणी होतांच त्याच बराकींत सिंध प्रांतांतून आलेले सुमारें एक लाख निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या छावणीस उल्हासनगर हें नांव दिलें. नांवांत उल्हास असला तरी प्रारंभींच्या त्या दिवसांत एकेका बराकींत पडद्याच्या आडोशानें अनेक कुटुंबें संसार करीत होतीं. येथून पुढें त्याच लोहमार्गावर अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें लागतात. अंबरनाथ हें शके ९८२ मधील शिवालयामुळें इतिहासाच्या अभ्यासकांस आणि आगपेट्यांच्या कारखान्यामुळें कामगारांस परिचित होतें.

दाटीच्या वस्तीचा आणि मेंदूज्वराचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. मेंदूज्वर म्हणजे मेंदूवरील नाजूक आवरणांचा दाह. तो अनेक जंतूंनीं होतो. परंतु आपल्याकडे लहान मुलांच्या बाबतींत ज्याची सर्वांत अधिक धास्ती वाटत आली, तो क्षयजंतूंपासून होणारा होय. घरांतील एखादें वडील माणूस महिनोन् महिने खोकत असतें. त्याच्याच कुशींत निजणाऱ्या बालकाच्या फुप्फुसांत जंतु शिरतात, तेथून रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोंचतात आणि लहानशी गांठ करून बसतात. ही गांठ फुटून आवरणांच्या द्रवांत जंतु सांडले कीं मेंदूज्वर सुरू होतो, असें रिच व मॅकॉर्डॉक या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें. चार माणसांच्या जागेंत बारा माणसें निजूं लागलीं म्हणजे खोकणारा आणि बालक यांमधील अंतर किती उरतें, हें निराळें सांगावयास नको.

रोगाची ओळख मात्र जुनी आहे. एडिंबरो येथील रॉबर्ट व्हिट या वैद्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७६८ सालीं प्रसिद्ध झाला. बालकाची नाडी प्रथम जलद, मग मंद, आणि शेवटीं पुन्हां जलद चालते, असे तीन टप्पे त्यानें नोंदविले आणि यांतील एकही रोगी आपल्या हातून बरा झाला नाहीं, हेंही त्यानें लपविलें नाहीं. त्यानंतर पावणेदोनशें वर्षें जगांतील कोणत्याही वैद्यास यापेक्षां फारसें निराळें सांगतां आलें नाहीं. १८८२ सालीं कॉखनें क्षयजंतु शोधला. १८९१ सालीं क्विंके यानें पाठीच्या कण्यांत सुई घालून द्रव काढण्याची रीत प्रचारांत आणली. पाठींतील पाणी काढणें या नांवानें आपल्याकडील आईबापें जिला भितात, तीच ही रीत. तिच्यामुळें निदान होऊं लागलें, उपाय नव्हताच. पू करणाऱ्या इतर जंतूंच्या मेंदूज्वराचें नशीब त्या मानानें लवकर उघडलें. प्रथम लस टोचलेल्या घोड्यांच्या रक्तांतील द्रव, मग १९३५ नंतर सल्फा जातीचीं औषधें आणि त्यापाठोपाठ पेनिसिलिन असे उपाय एकामागून एक आले. क्षयजन्य मेंदूज्वर तेवढा मागें राहिला.

१९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शॅट्झ या तरुणानें मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळें केलें. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्याची परीक्षा घेतांना फुप्फुसाच्या क्षयाचे निम्मे रोगी औषधावांचून ठेवून तुलना केली. परंतु मेंदूज्वराच्या रोग्यांत अशी वांटणी केली नाहीं. औषधावांचून त्यांतील कोणीही जगणार नाहीं हें ठाऊक असतांना तुलना तरी कशाची करावयाची? त्यांचा अहवाल एप्रिल १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला. कल्याणच्या छावणींत निर्वासित येत होते तींच हीं वर्षें. जो रोग दोनशें वर्षें असाध्य होता तो नेमका त्याच वेळीं साध्य होऊं लागला. मात्र औषध दुर्मिळ, महाग आणि समुद्रापलीकडून येणारें होतें.

मुंबईस मुलांकरितां खास रुग्णालय तोंवर उभें राहिलें होतें. परळ येथील बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ सालचें. भायखळ्याच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयास तर शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील मुलाचा आजार हाताबाहेर गेला कीं आईबापांनीं आगगाडीनें पन्नास-साठ किलोमीटर येऊन हीं दारें ठोठवावयाचीं. तेथील प्रारंभींचे उपचारही सोपे नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन स्नायूंत टोंचावें लागे आणि कण्यांतूनही. तेंही महिनोन् महिने. पुष्कळदां मूल वांचे, पण त्याच औषधानें कानाच्या मज्जातंतूस इजा होऊन बहिरें होई. १९५२ सालीं आयसोनियाझिड आलें, आणि तें मेंदूंतील द्रवांत सहज उतरत असल्यानें कण्यांतील टोचणी हळूहळू मागें पडली. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला; तेथें प्रथम पेनिसिलिन आणि पुढें स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊं लागलें.

मुंबईनें या रोगाच्या ज्ञानांत भरही घातली. जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांतील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूच्या विकृतींचे अभ्यासक डॉ. डी. के. दस्तूर यांनीं १९६६ व १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक विलक्षण गोष्ट मांडली. क्षय झालेलीं कांहीं मुलें आंचके व बेशुद्धि यांनीं ग्रासलीं जातात. पण त्यांच्या पाठींतील पाणी जवळजवळ निर्दोष असतें. अशा मुलांच्या मेंदूंतच सूज येऊन त्याचा शुभ्र भाग बिघडलेला असतो. क्षयजन्य मेंदूविकाराचा हा प्रकार पाठ्यपुस्तकांत गेला. परदेशांत शिकून येथें तेंच गिरविणाऱ्या विद्येच्या काळांत मुंबईच्या वॉर्डांतील मुलांकडे निरखून पाहून झालेलें हें काम आहे, याचें मोल विशेष.

औषधें आलीं, तथापि व्हिटचे तीन टप्पे गेले नाहींत. पहिल्या टप्प्यांत मूल नुसतें किरकिरें होतें, जेवत नाहीं, थोडा ताप व उलटी असते. दांत येत असतील, पोट बिघडलें असेल, दृष्ट लागली असेल, असे तर्क लढविण्यांत आठवडे जातात. तिसऱ्या टप्प्यांत तें बेशुद्ध असतें. पहिल्या टप्प्यांत औषध मिळालें तर बहुतेक मुलें धडधाकट घरीं जातात; तिसऱ्यांत मिळालें तर जीं जगतात त्यांतील पुष्कळांस पांगळेपण, अंधत्व वा मतिमंदत्व येतें; मेंदूंत साठलेलें पाणी पोटांत उतरविण्यासाठीं नळीही बसवावी लागते. औषध तेंच, वैद्य तोच. फरक पडतो तो घरांतून निघण्याच्या दिवसाचा. आतां उल्हासनगरांत मध्यवर्ती रुग्णालय आहे आणि कळव्यास छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्यामुळें वाट आंखूड झाली; परंतु आगगाडीनें वाया गेलेला वेळ आणि घरांत वाया गेलेला वेळ यांत दुसराच नेहमीं मोठा होता.

प्रतिबंधाचा भाग थोडक्यांत सांगतां येईल. बी. सी. जी. लस भारतांत १९४८ पासून टोचली जाऊं लागली. मद्रासजवळील चिंगलपटच्या मोठ्या प्रयोगांत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा प्रभाव दिसून आला नाहीं, म्हणून तिची पुष्कळ हेटाळणीही झाली. परंतु बालकांच्या मेंदूज्वराविरुद्ध ती चांगलें संरक्षण देते हें अनेक देशांत दिसून आलें आहे, आणि नवजात बालकास ती याच कारणास्तव देतात. पू करणाऱ्या मेंदूज्वराच्या एका प्रमुख जंतूवरील लस पंचगुणी लसींतून २०११ सालीं केरळ व तामिळनाडूंत सुरू झाली आणि पुढें सर्व देशभर पोहोंचली. ज्या स्ट्रेप्टोमायसिननें हा इतिहास पालटला तें बालकांच्या नेहमींच्या उपचारांतून आतां जवळजवळ निघून गेलें आहे. आयसोनियाझिड आणि मागाहून आलेलें रिफॅम्पिसिन यांवरच आज मुख्य भिस्त आहे.