५५ शुक्रवार आणि एक गुरुवार

रामकथा गीतांतून सांगणाऱ्या ‘गीतरामायणा’ची पहिली आवृत्ती कोणती, असे विचारले तर बहुतेकांच्या कानात एकटे सुधीर फडके गाऊ लागतात. एचएमव्हीने बाजारात आणलेला संच घरोघरी पोचला, त्यात सर्व ५६ गीते बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्याच आवाजात आहेत. पण पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेले मूळ गीतरामायण अनेक गळ्यांचे होते. फडके होतेच, शिवाय माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर असे गायक त्यात गायले. गाणे ज्या पात्राचे, त्याप्रमाणे आवाज बदलत असे.

पुणे केंद्र तेव्हा अगदी नवे होते, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले. वर्षभर दर आठवड्याला एक गीत, ही कल्पना तिथल्या सीताकांत लाडांची. गदिमांनी, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, फडक्यांनी चाल लावायची. पहिल्या गीताचा कागदच ऐन वेळी हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतले, अशी कथा सांगितली जाते. खरी असो वा थोडी फुगवलेली, माडगूळकरांच्या हाताचा वेग ठाऊक असलेल्यांना ती पटते. भूप रागातले ते गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, सकाळी पावणेनऊला प्रसारित झाले. दर शुक्रवारचे गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागे.

या मालिकेच्या तारखा पंचांग उघडून तपासण्यासारख्या आहेत. ती १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला भैरवीत संपली. एरवी एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत ३५४-५५ दिवस जातात. इथे ३८४ गेले, कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. म्हणूनच ५२ आठवड्यांची ठरलेली मालिका ५६ गीतांवर गेली. १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार. तिथून १३ एप्रिल १९५६ पर्यंत मोजले तर ५५ शुक्रवार भरतात. छप्पन्नावे गीत रामनवमीला आले आणि तो होता गुरुवार.

पण प्रसारणाच्या त्या सकाळी पुण्यापासून दूर, धाराशिवात काय ऐकू येत असेल? धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यात होता. निजामाचा डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाला, औरंगाबादचे केंद्रही तिच्याकडे आले, पण ते लवकरच बंद पडले. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. मध्यम लहरी रात्री आकाशातून परतून दूरवर जातात, दिवसा मात्र जमिनीलगतच चालतात. म्हणजे पावणेनऊची वेळ लांबच्या श्रोत्याला गैरसोयीचीच. त्यात रेडिओ ही पैसेवाल्याची वस्तू, आणि तिला परवाना लागे.

गंमत अशी, की रामकथेला या जिल्ह्यात पत्ता विचारत यावे लागत नव्हते. येडशीच्या रामलिंगाच्या दरीत जटायू पडला, असे परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुळजापूरच्या घाटशिळेवरून भवानीने रामाला लंकेची वाट दाखवली, ही कथा तर दर्शनाला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडते. त्यामुळे पुण्याचा आवाज पोचला असो वा नसो, त्यातली माणसे इथे ओळखीची होती.

आवाजाला मर्यादा होत्या, शब्दांना नव्हत्या. वर्तमानपत्रे गीते छापू लागली. ३ ऑक्टोबर १९५७ च्या दसऱ्याला प्रकाशन विभागाने आकाशवाणीसाठी पुस्तक काढले, किंमत दोन रुपये. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. मालिका चालू असताना हैदराबादकडे पाहणारा जिल्हा पुस्तक निघेपर्यंत मुंबईकडे पाहू लागला होता.

पुढे फडक्यांनी गावोगावी कार्यक्रम केले, तबकड्या आल्या, कॅसेट आल्या, आणि एका आवाजाने बाकीच्यांना मागे सारले. यात कोणाचा दोष नाही. बाबूजींचे गाणेच तसे होते. पण सीतेचे दुःख माणिक वर्मांच्या गळ्यातून ऐकणे हा निराळा अनुभव, आणि त्या मूळ मालिकेला अभ्यासकांनी जास्त वेळ द्यायला हवा. जुन्या फितीवर लेबल नसेल तर आधी सीतेचे गीत लावून पाहावे. बाईचा आवाज निघाला, तर ती फीत एचएमव्हीच्या त्या संचातली नाही, एवढे नक्की.