पाऊण डॉलरचा हिशेब

रोजमेळात चार आण्यांचा फरक आला, तरी जुन्या पेढीवरचे मुनीम दिवा मालवून घरी जात नसत. रक्कम क्षुल्लक असे. पण चूक सापडल्याशिवाय वही मिटायची नाही, असा त्यांचा नेम. संगणकाच्या इतिहासातही अशाच एका न जुळलेल्या हिशेबातून हेरगिरीचे मोठे प्रकरण उघडकीस आले.

साल १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा. तेथे एकाच मोठ्या संगणकावर अनेक शास्त्रज्ञ आपापल्या टर्मिनलवरून काम करीत. कोण केव्हा आत आला, किती वेळ राहिला, याची नोंद संगणक आपोआप ठेवी. हेतू साधा होता, वापराचे बिल आकारण्याचा. ऑगस्टमध्ये दोन नोंदींत ७५ सेंटचा फरक निघाला. तो शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आले. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेले स्टोल संगणक विभागात नवेच होते.

शोधता शोधता ‘हंटर’ नावाचे एक खाते सापडले. त्याचे बिल कोणाला पाठवायचे, याची नोंदच नव्हती. कोणी परका आत शिरला होता आणि त्याने व्यवस्थापकाचे अधिकारही मिळवले होते. असा माणूस संगणकातल्या आपल्या खाणाखुणा पुसू शकतो. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या फोनच्या तारांनाच प्रिंटर जोडले. पाहुण्याने दाबलेले प्रत्येक अक्षर, त्याच्या नकळत, कागदावर उमटू लागले. जोडीला स्टोल यांची स्वतःची वही होतीच.

त्या कागदांतून दिसले, की तो लष्करी माहिती धुंडाळत होता. त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली. तिसाहून अधिक उघडली. त्याला जास्त वेळ गुंतवून ठेवण्यासाठी १९८७ मध्ये खोट्या सरकारी फायली रचल्या गेल्या. तो त्या वाचत बसला आणि फोनचा माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोचला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, केजीबीला, विकत होते. १९९० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

स्टोल यांनी या शोधावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावात कोकिळेचे अंडे आहे. दुसऱ्याच्या घरट्यात गुपचूप ठेवलेले. अशा नोंदी आज बँकेपासून कचेरीपर्यंत सगळीकडे होतात. पण त्या वाचतो कोण? बर्कलेतही नोंद यंत्रानेच केली होती. मात्र पाऊण डॉलरसाठी वही उघडून बसणारा माणूस तिथे होता, म्हणून चोर सापडला.