सरज्याचा पट्टा

दिवाळीला पुण्याचा पुतण्या आला होता. रोज पहाटे आठ-दहा किलोमीटर पळतो तो. जोडीला कुत्रं घ्यायचं त्याच्या मनात होतं. मोबाईलवर निळ्या डोळ्यांच्या हस्कीचा फोटो दाखवून म्हणाला, "तात्या, हे कसं वाटतंय?"

"दिसायला झकास हाय. पण मे महिन्यात ह्याचं काय करणार?"

हस्की वाईट कुत्रं नव्हे. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्यानं हजारावर किलोमीटर बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. अंगावर केसांचे दोन थर, ते त्या थंडीसाठी. आमच्या जत तालुक्यातला फोंड्या माळ काय आणि पुण्यातला डांबरी रस्ता काय, त्या थरांना दोन्ही सारखेच. कुत्र्याची जात त्याच्या कामानं आणि मुलखानं घडलेली असते. बैल घेताना आपण रान बघतो, खिलार घ्यायचा का दुसरा कुठला हे जमिनीवर ठरतं. कुत्रं घेताना मात्र नुसते डोळे बघतो.

आमच्याकडचं कुत्रं म्हणजे कारवान. उंच पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांब नि निमुळतं. परदेशी काफिल्यांबरोबर, फौजांबरोबर ते दख्खनमध्ये आलं म्हणून कारवान, असं जुने लोक सांगतात. अंगावर, कानांवर लांब केस असले की पश्मी; पश्म म्हणजे फारसीत लोकर. सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, तिथं घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं. त्यातल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि विलायतेच्या राजाला जोडी नजर केली, तेव्हापासून तिकडं मुधोळ हाउंड हे नाव पडलं म्हणतात. आज मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. 2005 साली पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हेही होतं. लष्करानं मेरठला नेऊन शिकवलं. आमच्या दारात मात्र ते भाकरीच्या तुकड्यावर वाढलं, आणि त्याची किंमत कुणी विचारली नाही.

हे कुत्रं वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतं. लांबवर ससा हलला की सुटलंच. शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली, ते बरंच झालं, पण कायदा कुत्र्याला कोण वाचून दाखवणार? म्हणून मी पुतण्याला आधीच सांगितलं, रस्त्याकडंला ह्याला मोकळं सोडायचं नाही. हाक त्याच्या कानात शिरेपर्यंत ते पलीकडच्या शिवारात असतं.

आता पट्ट्याचं. कारवानाची मान लांब, आणि डोकं जवळपास मानेएवढंच. बाजारातला अरुंद पट्टा घातला आणि कुत्रं मागं सरलं की डोक्यावरून सरकन निघून येतो. घट्ट आवळला तर गळ्याला काचतो. त्याला चांगला तीन-चार बोटं रुंद पट्टा लागतो, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता मानेवर पसरते. आणि आत दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवायची. पळताना दोरी ओढणारं कुत्रं असेल तर गळ्याला दोरीच नको, छातीचा साज घालावा. घोडा गाडी छातीनं ओढतो, गळ्यानं नव्हे. बर्फातली कुत्रीही तशीच जुंपतात.

हे सगळं पुतण्याला मी शहाण्यासारखं सांगत होतो. पण पट्ट्याची चूक मी स्वतः केलेली आहे. ती त्याला सांगितली नव्हती, इथं लिहितो.

1984 चा पावसाळा. आमच्याकडं तेव्हा चाळीसएक माडग्याळ मेंढरं होती आणि राखणीला सरज्या. कारवानाचंच रक्त, पण धनगरी कुत्र्याशी मिसळलेलं, त्यामुळं अंगानं जाड. लांडगा गळा धरतो, म्हणून मेंढरामागच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालायचा. चामड्याच्या पट्टीत खिळे, टोकं बाहेर, डोकी आत. हल्ली 2025 साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या धास्तीनं माणसांनीच गळ्यात असले पट्टे घातल्याचं ऐकलं, तेव्हा पोटात गोळा आला.

सरज्याचा जुना पट्टा कुजला होता. वडील म्हणाले, "मामाकडनं करून आण. आतनं मऊ कातडं लावाय सांग." मामा म्हणजे आमच्या गावचे चर्मकार. मऊ कातड्याचे पाच-सहा रुपये जास्त पडत होते. ते मी वाचवले. ट्रॅक्टरच्या टायरची पट्टी कापली, घरीच खिळे ठोकले आणि घातली सरज्याच्या गळ्यात. दिसायला पट्टा दणकट होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आठ-दहा दिवस पावसाची झड लागली. सरज्या मान वाकडी करायला लागला, खाणं कमी झालं. पट्टा वर करून बघितलं तर खिळ्यांच्या डोक्यांनी कातडं सोललेलं, आणि जखमेत किडं. सीताफळाचा पाला वाटून भरला, हळद लावली. पट्टा काढून ठेवावाच लागला.

तिसऱ्या रात्री वाघरीवर लांडगे आले. दोन असावेत. अंधारात नुसता झोंबाझोंबीचा आवाज. आम्ही बत्ती घेऊन पळत पोचलो तोवर ते गेले होते. मेंढरू एकही गेलं नव्हतं. सरज्या वाघरीच्या तोंडाशी आडवा पडला होता, आणि जखम होती नेमकी तिथंच, जिथं पट्टा असायला पाहिजे होता. दिवस उगवायच्या आत तो गेला. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. टायरची पट्टी तेवढी उचलून त्यांनी चुलीत घातली. रबराचा वास दिवसभर घरात होता.

खूप वर्षांनी ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्य डॉक्टरांशी हा विषय निघाला. ते म्हणाले, रोमन लोकांत व्हॅरो नावाचा एक माणूस होता, इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यानं शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात मेंढरांच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घाला असं सांगितलंय, आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडं शिवा, नाहीतर लोखंड मानेला लागेल, हेही लिहिलंय. त्याच्यानंतरचा कोलुमेला म्हणतो, मेंढपाळाचं कुत्रं पांढरं असावं, म्हणजे झुंजुमुंजूला लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर घाव बसत नाही. मी ऐकत बसलो. माझ्या वडिलांनी रोम ऐकलं नव्हतं, शाळा बघितली नव्हती. दोन हजार वर्षांची गोष्ट त्यांनी मला एका वाक्यात सांगितली होती आणि मी पाच-सहा रुपयांकडं बघितलं.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथं दहाव्या शतकाच्या मध्यावर, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळात, रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्यासाठी दगड उभा केला आणि त्याला जमीन दान दिली. डुक्कर आणि कुत्रा दोघंही त्या झुंजीत मेले. तो दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. मुलगा तिकडं कामाला होता तेव्हा मी जाऊन बघून आलो. कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर कोरलेत. बराच वेळ तिथं उभा राहिलो. सरज्याला आम्ही बांधाच्या कडेला पुरला, आता तो बांधही नांगरात गेला.

पुतण्यानं हस्कीचा नाद सोडला. माझ्याकडच्या कारवानाच्या मादीला आठ महिन्यांपूर्वी पिल्लं झाली, त्यातली एक पाटीण त्याच्यामागं मागं फिरायला लागली, तीच न्यायचं ठरलं. मी म्हटलं, दीड वर्षाची होईपर्यंत लांब पळवू नको, हाडं भरू देत. उन्हात डांबरावर नेण्याआधी तळहाताची पालथी बाजू टेकवून बघ, चटका बसला तर घरी बस. दिवसभर तू कामाला जाणार, तर हिच्यापाशी कोण, ते आधी ठरव. त्यावर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, बायको घरूनच काम करते.

मामा आता नाहीत, त्यांचा मुलगा बाजारात बसतो. सुतळीनं पाटणीची मान मोजली, दोन बोटं जास्त धरून गाठ मारली आणि ती सुतळी त्याच्याकडं देऊन आलो. खिळे नकोत म्हटलं, पुण्यात लांडगे नाहीत. आतनं मऊ कातडं लाव.

"त्याचं जास्त पडतील, तात्या," तो म्हणाला.

"पडू देत."