दारावर कोण आहे? सर्वांत छोट्या भयकथेची गोष्ट



ऑक्टोबर महिना आहे. शेजाऱ्यांच्या अंगणात भोपळे आलेत, कुंपणांवर प्लास्टिकचे सांगाडे लटकलेत, आणि बऱ्याच घरांत मुलं विचारत असतील, "आई, आपल्या मराठीत भुतं असतात का?" असतात तर! ढीगभर असतात. त्यांच्याकडे आपण येऊच. पण आजच्या भागाचा विषय आहे भुताच्या सगळ्यात छोट्या गोष्टी. तीन ओळींच्या, दोन ओळींच्या, कधी कधी तर एकाच शब्दाच्या. एवढीशी गोष्ट ऐकून धडधाकट माणूस घाबरतो कसा? आणि अशा गोष्टी जगभर इतक्या का आवडतात? उत्तर शोधायला आपण एकाच गोष्टीचा प्रवास पाहू. गंमत म्हणजे ही गोष्ट प्रवासात लहान लहान होत गेली.

सुरुवात इथलीच, अमेरिकेतली. थॉमस बेली ऑल्ड्रिच हे न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथ गावचे लेखक, जन्म १८३६ चा. 'अटलांटिक मंथली' या नामांकित मासिकाचे ते १८८१ ते १८९० या काळात संपादक होते. १९०३ साली त्यांचं 'पॉन्कापॉग पेपर्स' हे पुस्तक निघालं. त्यातल्या सुट्या टिपणांमध्ये एक कल्पना आहे. पृथ्वीवरची सगळी माणसं नाहीशी झाली आहेत, एकच पुरुष उरला आहे. न्यूयॉर्क किंवा लंडनसारख्या एखाद्या अफाट शहरात तो एका घरात बसला आहे. एकटेपणाचा तिसरा किंवा चौथा दिवस आहे. आणि दारावरची घंटा वाजते. टिपण तिथंच थांबतं.

यात 'तिसरा किंवा चौथा दिवस' का, ते लक्षात आलं का? पहिल्या दिवशी घंटा वाजली असती तर माणूस आनंदानं धावला असता. तीन-चार दिवसांत त्याची खात्री पटलेली असते की आता कुणीही येणार नाही. आणि शहर का? तर जिथं दिवसातून दहादा दारावरची घंटा वाजायची, तिथंच ती आता वाजता कामा नये. अगदी रोजचा आवाज, फक्त नको त्या वेळी आलेला.

पुढचा मुक्काम अर्जेंटिना. होर्हे लुईस बोर्हेस, अदोल्फो बिओय कासारेस आणि सिल्विना ओकाम्पो या तीन लेखकांनी अद्भुत कथांचा एक संग्रह केला. तो ब्यूनोस आयर्समध्ये १९४० साली पहिल्यांदा निघाला आणि पुढे वाढवलाही गेला. त्यात ऑल्ड्रिच यांच्या नावावर एक इवलीशी कथा आहे. पण आता न्यूयॉर्क गेलं, लंडन गेलं, तिसरा-चौथा दिवसही गेला. पुरुषाच्या जागी एक स्त्री आली आणि घंटेच्या जागी दारावरची थाप. सगळं मिळून जेमतेम तीन वाक्यं. आपल्याकडे ओवी एका आजीकडून दुसऱ्या आजीकडे जाताना बदलते, तसंच हे. छापील साहित्यातली गोष्ट लोककथेसारखी वागू लागली.

मग येतात फ्रेड्रिक ब्राऊन. १९०६ साली सिनसिनाटीत जन्मलेले ब्राऊन मिलवॉकीच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातलं अनावश्यक ते पकडायची सवय असलेला हा माणूस. डिसेंबर १९४८ मध्ये 'थ्रिलिंग वंडर स्टोरीज' या मासिकात त्यांची 'नॉक' ही कथा आली. तिच्या सुरुवातीलाच ते एक दोन वाक्यांची भयकथा देतात. शेवटचा माणूस, एक खोली, दारावर टकटक, आणि शेवटी तीन टिंबं. मग ब्राऊन वाचकाला सांगतात की भीती या दोन वाक्यांत नाहीच, ती त्या तीन टिंबांत आहे. टकटक कुणी केली हे सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेल्या जागी माणसाचं मन आपणहून काहीतरी भयंकर आणून बसवतं.

पुढे ते याच दोन वाक्यांची मोठी कथा करतात. त्यात परग्रहावरून आलेले प्राणी आहेत, बऱ्याच घडामोडी आहेत. वाचायला मजा येते. पण दाराबाहेर कोण आहे हे कळल्यावर ती पहिली भीती काही परत येत नाही. ब्राऊन यांनी हे जाणूनबुजून केलं. एकाच कथेत त्यांनी भीती तयार करून दाखवली आणि ती विरते कशी तेही दाखवलं. या छोट्या आकाराचा त्यांना जणू छंदच लागला. १९६१ साली आलेल्या त्यांच्या एका संग्रहात ४७ कथा आहेत आणि त्यातल्या कितीतरी एक-दोन पानांतच संपतात.

आणि तरीही ही गोष्ट आणखी लहान व्हायची राहिली होती! रॉन स्मिथ नावाच्या लेखकानं ब्राऊन यांच्या दोन वाक्यांतला एकच शब्द बदलला. 'नॉक'च्या जागी 'लॉक'. इंग्रजीत एक अक्षर कमी झालं. आता दारावर थाप नाही, दाराला कुलूप आहे. जरा थांबून विचार करा. जगात दुसरं कुणीच नसेल, तर कुलूप लावलं कुणी? बाहेरून लावलं असेल, तर तो एकटा नाही. आतून त्यानंच लावलं असेल, तर कुणाच्या भीतीनं? पहिल्या गोष्टीत एक प्रश्न होता, एक अक्षर गेल्यावर दोन झाले. ऑल्ड्रिच यांच्यापासून इथपर्यंत शब्द घटत गेले, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं काम मात्र वाढत गेलं.

माझ्या मते या गोष्टींचं आकर्षण इथंच आहे. मोठ्या भयकथेत लेखक आपल्याला घाबरवतो. छोट्या भयकथेत तो फक्त दार दाखवतो आणि बाजूला होतो. बाहेर उभा असतो तो ज्याचा त्याचा. तुमच्या दाराबाहेरचा वेगळा, माझ्या दाराबाहेरचा वेगळा. शिवाय अशी गोष्ट पाठ करावी लागत नाही. एकदा ऐकली की जशीच्या तशी दुसऱ्याला सांगता येते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मासिकांच्या जमान्यातलं. तसं नाही. जपानमध्ये सतराव्या शतकापासून शंभर गोष्टींचा एक खेळ चालत आलेला आहे. असाइ र्‍योई यांच्या १६६६ सालच्या पुस्तकात त्याचं वर्णन येतं. रात्री मंडळी जमायची. निळा कागद लावलेल्या दिव्यात शंभर वाती लावायच्या. एकेकानं भुताची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक वात विझवायची. खोली हळूहळू अंधारत जायची. शंभरावी वात विझली की खरोखरच काहीतरी येतं, असा समज. म्हणून शहाणी माणसं नव्व्याण्णववर थांबत! आता हिशेब करा. रात्र दहा तासांची धरली तरी एका गोष्टीला सहाच मिनिटं मिळतात, त्यात घाबरणं आलं, वात विझवणं आलं. मग गोष्टी आटोपशीर असणारच. इथंही शेवटची, न सांगितलेली गोष्टच सगळ्यात भीतीदायक.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे भुताची गोष्ट बहुतेक वेळा 'हकिकत' म्हणून सांगितली जाते. कुणाच्या तरी चुलत्याला वेशीबाहेरच्या चिंचेखाली एका माणसानं विडी मागितली. विडी पेटवून देताना चुलत्याची नजर खाली गेली. पाय उलटे. संपली हकिकत. पुढे काही सांगावं लागत नाही, कारण उलटे पाय म्हणजे काय हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आपण तर याहून छोटे गेलो आहोत. 'मुंजा' हा एकच शब्द घ्या. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आधीच मुलगा गेला. त्याची इच्छा राहिली, आणि तो पिंपळावर राहायला आला. एवढी सगळी गोष्ट, एका घराचं एवढं दुःख त्या दोन अक्षरांत भरलेलं आहे. 'चकवा' म्हटलं की रात्रभर चालून पहाटे त्याच बांधावर येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कोकणात, गोव्यात 'देवचार' म्हटलं की हातात काठी घेऊन सीमेवरून फिरणारा राखणदार. या एका शब्दाच्या कथाच आहेत.

पण त्या कुणासाठी? ज्याच्याकडे बाकीची गोष्ट आधीपासून आहे, त्याच्यासाठी. न्यू जर्सीत वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलीला 'मुंजा' म्हणून बघा. ती विचारेल, "म्हणजे?" मग तुम्ही मुंज समजावाल, सोडमुंज समजावाल, पिंपळ समजावाल, आणि तोवर भूत कंटाळून निघून गेलेलं असेल. २०२४ मध्ये 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा त्यालाही त्या मुलाची कहाणी आधी दाखवावी लागली. समजावून सांगितलेल्या विनोदाला हसू येत नाही, तसंच समजावून सांगितलेल्या भुताचं भय वाटत नाही. परदेशात आपण मुलांना मराठी शब्द शिकवतो, बाराखडी शिकवतो. पण शब्द ऐकून अंगावर काटा येणं ही वेगळी गोष्ट आहे. तो काटा शब्दकोशात सापडत नाही. शब्द शिल्लक आणि काटा गेला, असं एखाद्या घरात होऊ शकतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय काय? एक उपाय म्हणजे सांगणं. 'तुंबाड' चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नारायण धारप यांची एक कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं सांगितली होती. ती त्यांच्या मनात इतकी रुतली की पुढे २०१८ साली त्यातून चित्रपट आला. मधल्या काळात त्यांनी ती कथा स्वतः वाचली, तेव्हा त्यांना जाणवलं की खरी भीती मित्राच्या सांगण्यात होती. आपलं सगळं सामान २३ किलोच्या बॅगांत बसवावं लागतं. सांगण्याला वजन नसतं.

दुसरा उपाय, मुलांच्या घरातल्या वस्तूंनाच मराठी भुतं लावून देणं. चकव्याला बांध लागतोच असं नाही. हे ऐका:

"जीपीएसनं चौथ्यांदा 'उजवीकडे वळा' सांगितलं आणि चौथ्यांदा तेच गॅस स्टेशन आलं, तोच हात दाखवणारा माणूस आला. फक्त या वेळी तो रस्त्याच्या जरा अलीकडे उभा होता."

चकवा समजावून सांगावा लागला नाही ना? उलट ही गोष्ट ऐकल्यावर मुलांना सांगता येईल, "याला आपल्याकडे चकवा म्हणतात." आधी काटा, मग शब्द. आणखी एक, ही थोडी वेगळी:

"आजी गेली, पण तिचा नंबर फोनमधून काढायचा धीर कुणालाच झाला नाही. काल रात्री विमानतळावरून घरी आलो आणि त्या नंबरावरून मेसेज आला, 'पोचलास का रे?'"

यात भूत नाही, रक्त नाही. पण 'पोचलास का रे' हे कोण विचारतं, हे आपल्या घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही माहीत आहे. त्यामुळे घाबरावं की डोळे पुसावेत, हेच कळत नाही. ही दोन वाक्यं दुसऱ्या भाषेत नेली तर त्यातला तो 'रे' मागे राहील.

तेव्हा मंडळी, या शनिवारी जेवणं झाली की एक करा. दिवे मंद करा आणि प्रत्येकानं मराठीत दोन वाक्यांची एक भयकथा सांगायची. नियम एकच: दाराबाहेर कोण आहे ते सांगायचं नाही. फार लहान मुलं असतील तर भूत जरा विनोदी ठेवा. पानभर मराठी बोलताना अडखळणारा मुलगाही दोन वाक्यं नक्की जुळवेल. क्रियापद चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. आधी घाबरून दाखवा.

आणि जमलेल्या गोष्टी आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवू. तोवर नमस्कार. दार लावून घ्या!