तीव्र पित्ताशयदाह : शस्त्रक्रिया केव्हा करावी?

यकृताच्या खालच्या बाजूस असलेल्या पित्ताशयात पित्तरस साठतो. तेथील खडा पित्ताशयाच्या नलिकेत अडकला, की पित्तरसाचा निचरा थांबतो, पित्ताशय फुगते आणि त्याच्या भित्तीस सूज येते. हाच तीव्र पित्ताशयदाह. उजव्या बरगडीखाली अनेक तास टिकणारी वेदना, ताप आणि उलट्या ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ‘पित्त झाले’ असे समजून आम्लपित्ताच्या गोळ्या घेण्यात अनेकांचे पहिले दोन-तीन दिवस निघून जातात. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मात्र तेच दिवस मोलाचे असतात.

प्रतिजैविकांनी दाह शमवून सुमारे सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. सुजलेल्या भागात मुख्य पित्तनलिकेस इजा होईल, ही भीती त्यामागे होती. परंतु प्रारंभीच्या दिवसांतील सुजेमुळे पित्ताशय यकृतापासून तुलनेने सहज विलग करता येते. पुढे तेथील ऊती घट्ट होऊन एकमेकींस चिकटतात. शिवाय प्रतीक्षेच्या काळात दाह पुन्हा उद्भवू शकतो, अथवा खडा मुख्य नलिकेत उतरून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वे जर्मनीतील एका चाचणीत ६१८ रुग्णांचा समावेश होता. दाखल झाल्यापासून २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटात ११.८ टक्के रुग्णांना व्याधी-उपद्रव झाले. आधी औषधोपचार करून ७ ते ४५ दिवसांनी शस्त्रक्रिया योजलेल्या गटात हे प्रमाण ३४.४ टक्के होते. रुग्णालयातील वास्तव्यही सरासरी दहा दिवसांवरून ५.४ दिवसांवर आले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदानानंतर एका आठवड्याच्या आत दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करावी.

हा नियम सरसकट लागू होत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असल्यास, इतर अवयवांचे कार्य बिघडले असल्यास किंवा गंभीर हृदयविकार असल्यास प्रथम प्रकृती स्थिर करावी लागते. काही रुग्णांत त्वचेतून नळी घालून पित्ताशयाचा निचरा केला जातो. तसेच कोणतेही लक्षण नसताना सोनोग्राफीत योगायोगाने आढळलेल्या खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते.

वेदना नेमकी केव्हा सुरू झाली, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना सांगावी. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला मिळाल्यास त्यामागील कारण अवश्य विचारावे.